गोरखचिंचेखालची पोरं

उत्तर टांझानियात, गोरोंगोरोचा डोंगर नैर्ऋत्येला उतरलं की एयासी नावाचं खारं सरोवर लागतं. त्याच्या आसपासच्या काटेरी रानात हाड्झा लोक राहतात. सगळे मिळून हजार-बाराशेच, आणि त्यांतले काहीशे आजही शिकार, कंदमुळं, फळं आणि मध यांवर जगतात.

वस्तीवर पोचताच नजर गेली ती तीन-चार वर्षांच्या एका पोराकडे. हातात खरीखुरी धारदार सुरी, आणि स्वारी मन लावून काडी तासत होती! मी दचकून त्याच्या आईकडे पाहिलं. तिने मणी ओवता ओवता मान वर केली, पोराकडे एकवार बघितलं आणि पुन्हा ओवायला लागली.

याच वयात इथल्या मुलग्यांना छोटं धनुष्य मिळतं. बाणाला लोखंडी पातं नाही, विष तर नाहीच. नुसतं तासलेलं लाकूड. त्याने पोरं दिवसभर नेम धरतात, कधी खोडावर, कधी पाखरावर. पोर वाढतं तसं धनुष्यही वाढत जातं.

दुपारी गोरखचिंचेखाली मुलामुलींचा घोळका जमला. थोरली असेल अकरा-बारा वर्षांची, धाकटा जेमतेम चारचा. फळ आपटून फोडायचं, आंबुस पांढरा गर चघळायचा, बिया दगडाने कुटायच्या. धाकट्याचा दगड सारखा निसटत होता. कुणी त्याचा हात धरला नाही, कुणी रागावलंही नाही. थोरली शेजारी कुटत राहिली. त्याने तिच्या हाताकडे टक लावून पाहिलं, पकड बदलली आणि बी फुटली.

1980च्या दशकात ब्लर्टन जोन्स, हॉक्स आणि ओ'कॉनेल या संशोधकांना इथे आढळलं, की मोसम चांगला असेल तर पाच वर्षांपुढची मुलं आपल्या रोजच्या गरजेच्या निम्म्यापर्यंत अन्न स्वतः मिळवतात. बाणाचं विष तयार करणं, खोडात खुंट्या ठोकत चढून मध काढणं, ही अवघड विद्या पुढे मोठ्यांच्या मागे हिंडून येते.

चुकायची मुभा, शेजारी थोडं मोठं कुणीतरी आणि कष्टाचं फळ लगेच पोटात: एवढ्यावर इथली मुलं पक्की तयार होतात. पण या शिक्षणाचं सगळं साहित्य रानात आहे, आणि शेती व गुराखी यांच्या रेट्याने ते रान आक्रसत गेलं आहे. 2011मध्ये इथल्या याएदा खोऱ्यातल्या काही जमिनीवर हाड्झांचा सामूहिक हक्क सरकारने मान्य केला. ही पाठशाळा टिकायची तर तो हक्क टिकलाच पाहिजे.