पेट्रोलचा वास

पवित्र शनिवारची सकाळ होती. रात्रीच्या जागरविधीसाठी चर्चच्या आवारात नवा अग्नी पेटवावयाचा होता आणि त्याकरिता आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध मिस्त्री लाकडे रचावयास आले होते. पोर्चपासून दहा-बारा पावलांवर त्यांनी लाकडांची मोळी टाकली आणि ते एकदम थबकले. पोर्चमध्ये उभ्या असलेल्या आमच्या जुन्या पद्मिनीकडे पाहत ते म्हणाले, ‘‘फादर, ही गाडी इथून हलवा. पण सेल्फ मारू नका. ढकलत न्या.’’

मी काहीसा वरमलो. पेट्रोलचा वास मला ठाऊक होता. गेले तीन आठवडे मी त्या वासासोबतच राहत होतो.

ही गाडी १९९६ सालची. एका कुटुंबाने ती धर्मग्रामाला दिली आणि एका धर्मगुरूकडून दुसऱ्याकडे अशी ती माझ्या हाती आली. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तिची फेरनोंदणी झाली आणि पुढे दर पाच वर्षांनी होत राहिली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगला लगटून असलेला गिअरचा दांडा आणि बॉनेटखाली कार्बोरेटर. मुंबईच्या कुर्ल्यात जन्मलेल्या या गाडीने काळी-पिवळी टॅक्सी म्हणून त्या शहराची दीर्घकाळ सेवा केली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. आकुर्डी, पिंपरी, चाकण अशा मोटारींच्या मुलखात आमचा संसार, पण येथील तरुण कामगारांना आमची गाडी संग्रहालयातील वस्तू वाटते. तरीही आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन नेण्यासाठी ती मला पुरेशी होती आणि तिचा मला थोडा अभिमानही होता.

उपवासकाळाच्या मध्यावर एके सकाळी गाडीजवळ वास आला. वाकून पाहिले तो इंजिनाखालच्या फरशीवर रुपयाएवढा ओला डाग होता. टाकी गाडीच्या मागच्या बाजूला. तेथून येणारी नळी इंजिनाच्या पंपाला मिळते आणि तिला जेथे खाली बाक आहे, नेमके तेथे पेट्रोलचा थेंब लोंबत होता. नळीच फुटली, असा निर्णय मी देऊन टाकला. वाटेवरच्या एका कारागिराकडून नळी व क्लिपा बदलून घेतल्या. दोन दिवस समाधान वाटले. तिसऱ्या दिवशी डाग पुन्हा हजर! मग मी क्लिपा अधिक आवळल्या. पुढे पवित्र सप्ताहाची धांदल सुरू झाली आणि ‘ईस्टरनंतर पाहू’ असे मी स्वतःला बजावले. हळूहळू वास कमी झाल्यासारखा वाटू लागला. वास कमी झाला नव्हता, माझे नाक त्याला सरावले होते. तोच वास सतत येत राहिला की नाक त्याची वर्दी देणे सोडून देते. मिस्त्री बाहेरून आले होते, म्हणून त्यांना तो आला.

त्या सकाळी आम्ही चौघांनी गाडी ढकलत आवाराच्या दूरच्या टोकाला, उघड्यावर नेली. मिस्त्रींनी बॅटरीची अर्थिंगची तार सोडली, फरशीवर कोरडी माती पसरली आणि लाकडांची मोळीही आणखी लांब हलविली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत जाऊन पोचते. शून्याखाली चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडते, तर आमच्या एप्रिलच्या उन्हाची काय कथा! त्या रात्री अग्नीभोवती मेणबत्त्या घेऊन उभ्या असलेल्या मुलांकडे पाहताना माझ्या अंगावर काटा आला. ती गाडी पोर्चमध्येच राहिली असती तर?

सोमवारी मिस्त्री पुन्हा आले. एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची हयात गेली होती. आता हाताला कंप सुटल्यामुळे कुणी त्यांना काम सांगत नसे. सोबतीला चाकणच्या कारखान्यात नोकरी करणारा एक तरुण इंजिनिअर होता. संगणकाला जोडून गाडीचा दोष वाचण्याचे यंत्र त्याने आणले होते. पद्मिनीला ते जोडण्याची जागाच नाही, हे कळल्यावर तो हसला आणि मुकाट्याने बॅटरी हाती धरून उभा राहिला.

मिस्त्रींनी आधी पाना हाती घेतलाच नाही. थंड इंजिनाचा तो सारा भाग त्यांनी चिंधीने कोरडा पुसला, खाली वर्तमानपत्र अंथरले आणि मला म्हणाले, ‘‘फादर, ओल दिसते ती जागा खालची. गळती तिच्या वर शोधायची.’’ मग त्यांनी ऑइल मोजावयाची पट्टी ओढून काढली, नाकाशी धरली आणि माझ्याकडे दिली. ऑइलला पेट्रोलचा स्पष्ट वास येत होता, आणि त्याची पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली होती.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. पंधरवड्यापूर्वी मीही ती पट्टी पाहिली होती. जुन्या गाडीचे ऑइल कमी होते, आमच्या गाडीचे मात्र भरपूर आहे, असे पाहून गाडीच्या वहीत मी समाधानाने नोंद केली होती: ‘ऑइल उत्तम. भर घालण्याची गरज नाही.’ जेथे धोक्याची सूचना लिहिली होती, तेथे मी शाबासकी वाचली. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात कार्यकारणभाव शिकलो, परीक्षेत उत्तीर्णही झालो. पण वाढलेल्या ऑइलला काही कारण असावे, हे माझ्या मनातदेखील आले नव्हते.

कारण पंपात होते. पद्मिनीचा पेट्रोल पंप विजेवर चालत नाही. इंजिनाचा कॅमशाफ्ट फिरता फिरता एक तरफ हलवितो, ती तरफ लवचीक पडद्याला खाली ओढते, स्प्रिंग त्याला वर लोटते आणि त्या हालचालीने पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. हा पडदा चिरला की पेट्रोल त्याच्या खाली उतरते. काही इंजिनाच्या ऑइलमध्ये मिसळते, तर काही पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून बाहेर ठिबकते. आमच्या गाडीत ते छिद्रातून नळीवर, नळीवरून तिच्या बाकावर येत होते. मी बिचाऱ्या नळीलाच दोषी ठरविले होते! पेट्रोल मिसळल्याने पातळ झालेले ऑइल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही. आणखी काही आठवडे गेले असते तर इंजिनच कामातून गेले असते.

पंप उघडण्यापूर्वी मिस्त्रींनी त्याच्या दोन्ही भागांवर कानशीने एक सरळ खूण करविली, जेणेकरून जोडताना ते जसेच्या तसे बसावेत. आतला पडदा कडक झाला होता आणि मध्याजवळ त्याला नखाएवढी चीर होती. रबर वयाने थकतेच. शिवाय आता पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. २००३ साली काही राज्यांत पाच टक्के इथेनॉल मिसळण्यास प्रारंभ झाला, २०२२ मध्ये ते प्रमाण दहा टक्क्यांवर गेले आणि २०२३ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉल आपल्या उसाच्या मळीतून व रसातूनही येतो. शेतकऱ्याला त्याचा लाभ होतो, याचा आनंदच आहे. परंतु जुन्या घडणीचे रबर त्यात फुगते, नंतर कडक होऊन चिरते. जुनी गाडी बाळगणाऱ्याने नळ्या आणि पडदे इथेनॉल सोसणारे घ्यावेत, हे शहाणपण मला त्या दिवशी लाभले.

नाना पेठेत शोधाशोध केल्यावर पंपाचा संच मिळाला. नवा पडदा बसविताना मिस्त्रींचे हात थरथरू लागले. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर त्या तरुणाच्या हाती दिला आणि स्वतः शेजारी बसून सांगू लागले, ‘‘बाळा, आधी सगळे स्क्रू अर्धवट लाव. आता तरफ पूर्ण दाबून धर, आणि मगच समोरासमोरचे स्क्रू आवळ. पडदा ताणून बसला तर लवकर फाटेल.’’ तरुणाने तसेच केले. जुने ऑइल व फिल्टर बदलले. बॅटरी जोडून इंजिन सुरू केले. अर्धा तास ते चालू होते. खालचे वर्तमानपत्र कोरडे ते कोरडेच!

मी मिस्त्रींना मेहनताना देऊ केला. त्यांनी तो घेतला नाही. ‘‘फादर, पुष्कळ दिवसांनी कुणीतरी काम विचारलं,’’ एवढेच ते म्हणाले. आता तो तरुण सुटीच्या दिवशी त्यांच्या घरी जातो. त्याच्या कारखान्यातील गाड्यांचा पंप टाकीतच असतो आणि नळीतील दाब हवेच्या दाबाच्या तिपटीइतका असतो. तेथे गळती ठिबकत नाही, फवारा उडतो. म्हणून दाब उतरविल्याविना नळी सोडावयाची नसते, हे तो मिस्त्रींना समजावून सांगतो आणि मिस्त्री विद्यार्थ्यासारखे ऐकतात.

वाचकहो, आपल्या घरी जुनी गाडी असेल तर एवढे करा. वास आला त्याच दिवशी गाडी उघड्यावर न्या. शेजारी उदबत्ती, मेणबत्ती वा शेगडी ठेवू नका. पाणी ओतून पेट्रोलची आग विझत नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते. म्हणून वाळूची बादली आणि कोरड्या पावडरीचे अग्निशामक जवळ ठेवा. आणि घरी येणाऱ्या पाहुण्याने ‘कसला वास येतोय?’ असे विचारले, तर त्याला ‘काही नाही हो’ असे म्हणू नका.

गाडीच्या वहीतील माझी ती नोंद मी खोडलेली नाही. तिच्याखाली दुसऱ्या शाईने लिहिले आहे: ‘ऑइल वाढले होते. मला कळले नाही.’ माझ्यानंतर ही गाडी ज्या धर्मगुरूंच्या हाती जाईल, त्यांनी ती दोन्ही वाक्ये वाचावीत.