माणकाची पातळ कातडी

बोहेमियातील जुन्या लाल पेल्याचे नक्षीकाम निरखले, तर कळते की लाली केवळ पृष्ठभागावर आहे. आतली काच रंगहीन. सोन्याच्या योगाने सबंध काच लाल करणे अतिशय खर्चिक. फ्रिडरिख एगरमान याने १८३०च्या दशकात तांब्याच्या संयुगाचा लेप देऊन, काच पुन्हा भट्टीत तापवून हा रंग साधला. त्याला नकली ठरवणे सोपे, पण अन्यायाचे. कारागीर फिरत्या चकतीने (तीही तांब्याचीच!) तो थर कोरून काढी आणि लाल रानात शुभ्र हरिण उभे राही. आरपार लाल काचेत ते इतके उठून दिसलेच नसते. कार्ल्सबादच्या उष्ण झऱ्यांवर आलेले प्रवासी तेथील इमारती कोरलेले असे पेले आठवण म्हणून घरी नेत.