नाव काय लिहायचे?



गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. ती नवऱ्याच्या नोकरीनिमित्त टांझानिया देशात दार-ए-सलाम येथे राहते. मुलगी झाल्याची आनंदाची बातमी तिने दिली आणि म्हणाली, "सर, नाव सुचवा. पण असं सुचवा की गावाकडं माझ्या आईलाही म्हणता यावं आणि इथल्या शेजारणीलाही." मागाहून तिने तिथल्या स्वाहिली नावांची एक यादीच पाठवून दिली. हिने नाव आमच्याकडे मागावे, याचा आम्हांस आनंद झाला आणि थोडी शरमही वाटली. शरम का वाटली ते पुढे येईलच. आधी यादीकडे वळू.

यादी घेऊन आम्ही दोन रविवार बसलो. पहिले नवल भाषेच्या नावातच निघाले. अरबीत 'साहिल' म्हणजे समुद्रकिनारा. त्याचे अनेकवचन 'सवाहिल', आणि त्यावरून स्वाहिली, म्हणजे किनाऱ्यावरच्या लोकांची बोली. आमच्या शाळेत साहिल नावाची मुले आहेत. त्यांच्या नावाची एक आख्खी भाषा आहे हे त्यांना सांगितले तेव्हा ती आठ दिवस रुबाबात वावरली.

पुढे इमानी, अमानी, बराका, नुरू, जोहारी, सुबिरा अशी नावे होती. बीदर-कलबुर्गीच्या माणसाला यांचे अर्थ सांगावे लागत नाहीत. इमान, अमन, बरकत, नूर, जवाहीर हे शब्द आपल्या बाजारात आणि घरात आहेतच. सुबिरा म्हणजे तर आपली सबुरी. अरबी 'सब्र' एका वाटेने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला आणि मुलीचे नाव झाला. दुसऱ्या वाटेने तो दख्खनेत आला आणि शिर्डीच्या श्रद्धेशेजारी जाऊन बसला. पावसाळी वारे ओळखून गलबते हाकणारे अरब व्यापारी दोन्ही किनाऱ्यांवर जात असत. मालाबरोबर शब्दही उतरले.

शब्द उतरले की त्यांना गावचा पेहराव चढतो. स्वाहिली शब्दाचा शेवट नेहमी स्वराने होतो, म्हणून इमानचे इमानी आणि नूरचे नुरू. यात आपल्याला परके काय आहे? आपल्या कन्नड शेजाऱ्याकडे कानूनचे कानूनु आणि बसचे बस्सु होतेच की.

पण सारखे दिसले की एकच, असे समजू नये. स्वाहिलीत 'सिंबा' म्हणजे सिंह. आमच्या एका शिक्षकमित्रांनी लगेच ते संस्कृतातून गेले असे ठरवून टाकले. तसे नाही. तो तिथल्या बांतू कुळाचा स्वतःचा शब्द आहे. 'आशा' हे नाव तिथेही आहे, परंतु ते आयेशाचे रूप, अर्थ जीवन. आणि 'सिता' म्हणजे चक्क सहा हा आकडा! आपली सीता तिथे गेली तर तिला हे आधी सांगून ठेवावे लागेल.

यादीचा दुसरा भाग आम्हांस अधिक आवडला. त्यात बाळ कधी व कशा दिवसांत आले ते नावातच सांगितलेले असते. शुक्रवारी जन्मला तो जुमा. दुसरी मुलगी ती पिली. रात्री जन्मली ती चाउसिकू. शिदा म्हणजे अडचण, ताबू म्हणजे कष्ट. सिकुजुआ म्हणजे 'मला माहीत नव्हते'. काय माहीत नव्हते ते त्या आईलाच ठाऊक! शिवाय त्या किनाऱ्यावर बाळपणाचे नाव वेगळे आणि पुढे ठेवलेले मोठेपणाचे नाव वेगळे, अशीही जुनी रीत आहे. आपल्याकडे पत्रिकेतले एक आणि हाका मारायचे दुसरे असते, तसेच काहीसे.

आपल्या भागातली नावेही अशीच बोलकी आहेत. खानापूरच्या मैलार मल्लण्णाचा नवस फेडला की घरात मैलारप्पा किंवा मल्हारी येतो. हुमनाबादजवळ माणिकनगर असल्याने माणिकराव आणि माणिकप्पा गल्लोगल्ली आहेत. कलबुर्गीकडे गेलात तर शरणबसप्पा. आणि ज्या घरात मुले जगत नसत तिथे दगडू, धोंडू, कचरू, केरबा. नाव ओंगळ ठेवले की काळाची नजर पडत नाही, अशी समजूत. बाळाला उकिरड्यावर ठेवायचे, दुसऱ्या कुणी उचलायचे आणि आईने पसाभर धान्य देऊन ते विकत घ्यायचे. समजूत खोटी असेल, पण त्यामागची आई खोटी नव्हती. नकुशी हे नाव मात्र आम्ही या रांगेत बसवणार नाही. दगडू नावाने मूल राखायचे असते, नकुशी नावाने ते नको म्हणून सांगायचे असते. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींना समारंभ करून नवी नावे दिली गेली, ते उत्तम झाले.

आता आपल्या बीदरचे ऐका. सहलीत आपण किल्ला आणि महमूद गवानचा मदरसा पाहून परततो. शहराच्या पूर्वेस हबशी कोट नावाची टेकडी आहे, तिकडे कुणी फिरकत नाही. तिथे आफ्रिकेतून आलेल्या हबशी सरदारांच्या कबरी आहेत. हे लोक मुख्यतः इथिओपियाकडचे, म्हणजे स्वाहिली किनाऱ्याच्या बरेच उत्तरेचे. त्यांची बोली वेगळी. पण नावे पाहा. 1657 साली औरंगजेबाने बीदरच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा आदिलशाहीचा किल्लेदार होता सिद्दी मर्जान. दारूगोळ्याचा स्फोट होऊन तो व त्याचे मुलगे भाजले, त्यातच तो गेला आणि किल्ला पडला. मर्जान म्हणजे पोवळे. स्वाहिलीत तेच 'मारिजानी'. निजामशाहीचा मलिक अंबर सर्वांना ठाऊक आहे. अंबर हा समुद्रातून मिळणारा मोलाचा सुगंधी पदार्थ. याकूत नावाचेही हबशी होऊन गेले, याकूत म्हणजे माणिक.

पोवळे, माणिक, अंबर. कानाला किती गोड! पण हा व्यापाऱ्याचा माल आहे. विकत आणलेल्या गुलामांना अशा मोलाच्या वस्तूंची नावे देण्याची पद्धत होती. मलिक अंबर सुमारे 1548 साली इथिओपियात जन्मला, तेव्हा त्याचे नाव चापू होते. लहानपणीच तो विकला गेला. हातोहात फिरत बगदादच्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याकडे आला. या धन्याने त्याला शिकवले, हुशारी पाहिली आणि अंबर हे नाव दिले. त्या नावाने त्याने मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवले, खडकी शहर वसवले, आणि 1626 साली त्याच नावाने मेला. चापू ही हाक त्याला शेवटची कुणी मारली असेल? मीर कासिम वाईट माणूस नसावा. त्याने मुलाचे भलेच केले. हे वाचताना आम्हांस आमचे स्वतःचे प्रवेश रजिस्टर आठवले.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत ळ नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी आम्ही काळप्पाचा कालप्पा आणि मुरळीधराचा मुरलीधर करून ठेवला. ते हसण्यावारी गेले. पण त्याच जूनमध्ये, सुमारे अठ्ठावीस वर्षांपूर्वी, एक शेतमजूर आपल्या मुलीला पहिलीत घालायला आला. नाव सांगितले केराबाई. आम्ही तरुण होतो, सुधारणेचा उत्साह होता. पोरीला वर्गात मुले चिडवतील असे वाटले. कुणालाही न विचारता आम्ही 'किरण' असे लिहिले. बापाला वाचता येत नव्हते. अंगठा उठवून तो गेला.

ती हुशार निघाली. किरण म्हटले की ओ देऊ लागली. चौथीत असताना तिला विषमज्वर झाला आणि दोन आठवडे ती अंथरुणाला खिळली. तेव्हा तिची आई शाळेच्या दारात आली. म्हणाली, "सर, हिच्या आधीची दोन गेली. हिला केरात टाकून, सुपात घालून, पसाभर जोंधळ्याला विकत घेतली म्हून केरा. तुमी तेच पुसलंव. आता हिला काई झालं तर मी कुणाला इचारू?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. विषमज्वर नावाने होत नाही हे आम्हांस ठाऊक होते. ते त्या वेळी तिला सांगायचे नसते, एवढेही कळत होते. मुलगी बरी झाली. एस.एस.एल.सी.पासून पासपोर्टपर्यंत सगळे कागद किरण याच नावाने झाले. आई मात्र त्यानंतर कधी शाळेत आली नाही.

दार-ए-सलामहून फोन आला तो याच किरणचा. बोलता बोलता ती म्हणाली, "इथं शेजारणीचं नाव शिदा आहे, सर. तिचा अर्थ कळला तेव्हा मी तिला माझं खरं नाव सांगितलं. तिला त्यात काहीच वाईट वाटलं नाही."

आम्ही नाव सुचवले नाही. यादीतली पाच-सहा नावे अर्थासह आईला फोनवर वाचून दाखव, असे तेवढे सांगितले. आईने सुबिरा निवडले.

मे महिन्यात किरण बाळाला घेऊन शाळेत आली. सोबत तिची आई होती, इतक्या वर्षांनी. आजी नातीला सरळ सबुरी म्हणते, सुबिरा म्हणण्याच्या भानगडीत पडत नाही. चहा झाल्यावर किरणने जुने रजिस्टर पाहायला मागितले. पान काढून दिले. आजीने त्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "हितं काय लिवलंय?"

"किरण," आम्ही वाचले.

"मग बाजूला केरा लिवा की."

रजिस्टरात खाडाखोड करता येत नाही, दुरुस्तीला वरच्या कार्यालयाचा हुकूम लागतो, वगैरे आम्ही सांगू लागलो. ती ऐकून घेत होती, पण बोट काही उचलीना. शेवटी आम्ही समासात पेन्सिलीने 'केराबाई' असे लिहिले आणि तिला दोनदा वाचून दाखवले. विश्वस्त मंडळींनी याकडे कानाडोळा करावा ही विनंती.