खर्ज कुठे हरवला? : बेस गिटार, एक माइक आणि मामांची कॅसेट

१/
या धाग्यांत आपण बहुधा किल्ले, शिलालेख आणि नाण्यांविषयी बोलतो. आजचा विषय मात्र एक आवाज आहे. तो वाजला, हजारोंनी ऐकला, पण नोंदला गेला नाही. धागा थोडा घरगुतीही आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझे मामा १९८०च्या दशकात पुण्यातील एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवत. गणेशोत्सवातील एका कार्यक्रमाची कॅसेट आमच्या घरी जपून ठेवलेली आहे. तीत गायिका ऐकू येते, कोंगो ऐकू येतो, शिट्ट्या ऐकू येतात. मांडवामागून गेलेली एक स्कूटरसुद्धा ऐकू येते. मामा मात्र ऐकू येत नाहीत.

२/
यात मामांचा दोष नव्हता. पुढच्या रांगेतील कोणीतरी मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून, त्याच्याच अंगच्या बारीक माइकवर ते ध्वनिमुद्रण केले होते. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली, की सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. हवेतील त्या लहरीची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ २७ फूट भरते. एवढा दीर्घ स्वर त्या चिमुकल्या यंत्राच्या कवेत मावणारा नव्हता. गाण्याला आधार देणारा माणूसच नोंदीतून गळाला.

हे दुःख आमच्या घरापुरतेच असावे, असे मला बरीच वर्षे वाटत होते. पुढे ध्वनिमुद्रणाचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा तेच गाऱ्हाणे फार मोठ्या घरी सापडले.

३/
लंडन, १९६६. बीटल्स हा त्या काळातील सर्वांत लोकप्रिय बँड. तरीही त्यांच्या तबकड्यांत बेसला अमेरिकन तबकड्यांसारखे वजन नाही, ही खंत त्यांना होती. ॲबी रोडवरील ईएमआयच्या स्टुडिओत उत्तम माइक होते, निष्णात माणसे होती. कमतरता साधनांची नव्हती. आड येत होती ती एक भीती.

तबकडीवरील खाच म्हणजे आवाजाचे कोरलेले चित्र. खर्जाचा स्वर कोरायचा, तर खाचेला डावी-उजवीकडे मोठी वळणे घ्यावी लागतात. ती कमी व्हावीत म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम घटवत आणि वाजवताना यंत्र तो पुन्हा वाढवी. इतके करूनही बेस फार झाला, तर ग्राहकाच्या ग्रामोफोनची सुई खाचेतून उडेल, ही धास्ती कंपनीला होती. म्हणून खर्जाला लगाम असे.

४/
त्या स्टुडिओला शिस्तही करडी होती. देखभालीचे तंत्रज्ञ पांढरे डगले घालून वावरत. माइक वाद्याच्या किती जवळ न्यायचा, यालाही संकेत होते. कारण हवेच्या धक्क्याने महागडा माइक बिघडण्याचा संभव असे. कोणता माइक, कोठे आणि किती अंतरावर, हा आज आपल्याला कौशल्याचा प्रश्न वाटतो. तेव्हा तो परवानगीचाही प्रश्न होता.

१९६६च्या एप्रिलमध्ये बीटल्सच्या ध्वनिमुद्रणाची सूत्रे जेफ एमरिक यांच्या हाती आली. वय अवघे २०.

५/
त्याच महिन्यात 'पेपरबॅक रायटर' हे गाणे मुद्रित झाले. पॉल मॅकार्टनी यांनी त्यासाठी रिकनबॅकर बनावटीचा बेस वापरला. एमरिक आणि तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी बेसच्या स्पीकरपुढे नेहमीचा माइक न ठेवता चक्क दुसरा स्पीकर ठेवला आणि त्यालाच माइक म्हणून जोडले.

हे ऐकायला चमत्कारिक वाटते. पण स्पीकर आणि डायनॅमिक माइक ही सख्खी भावंडे आहेत. दोहोंत चुंबक, तारेचे वेटोळे आणि पडदा असतो. वेटोळ्यात वीज सोडली की पडदा हलतो, तो स्पीकर. आवाजाने पडदा हलला की वेटोळ्यात वीज उपजते, तो माइक. स्पीकरचा पडदा मोठा आणि जड. बारीक, तीव्र स्वरांना तो दाद देत नाही, पण खर्जाच्या लांबरुंद लाटांवर छान डोलतो.

तबकडी कोरतानाही या वेळी अधिक धीर दाखवला गेला. जूनमध्ये ती इंग्लंडच्या बाजारात आली, तेव्हा बेस गाण्याच्या पुढच्या रांगेत येऊन बसला होता.

६/
ज्या अमेरिकन तबकड्यांचा हेवा वाटत होता, त्यांपैकी कित्येक डेट्रॉइटच्या 'मोटाउन' कंपनीच्या होत्या. तेथे एका साध्या घरात स्टुडिओ थाटलेला होता आणि बेसपुढे बहुधा माइकच नसे. गिटारची वायर सरळ ध्वनिमुद्रणाच्या टेबलाला जोडलेली. स्पीकर नाही, खोली नाही, मधली हवाही नाही.

तेथील थोर बेसवादक जेम्स जेमरसन. त्यांच्या बोटांवर कित्येक लोकप्रिय गाणी उभी राहिली. पण मोटाउन आपल्या वादकांची नावे तबकड्यांवर छापत नसे. मार्विन गे यांच्या १९७१ सालच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या संग्रहावर ती प्रथम आली. आवाज इतका स्पष्ट आणि माणूस इतकी वर्षे निनावी! हे वाचले त्या दिवशी मी मामांना फोन केला.

७/
"मामा, तुमचा बेस रेकॉर्ड करायचा आहे."
"अरे, आता कशाला? बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत."
त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला होता. तो कमी होणारा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. म्हणूनच मला घाई होती.

माळ्यावरून त्यांचा जुना बॉक्स काढला. कॅबिनेटला ऑर्केस्ट्रातली माणसे नुसते 'बॉक्स' म्हणत. प्लायवूडचा, आत १५ इंची स्पीकर. माझ्या १० बाय १२च्या खोलीत अडचण नको म्हणून तो कोपऱ्यात सरकवला. गायकांसाठी वापरतो तो कंडेन्सर माइक दीड फुटावर ठेवला. शिवाय डीआय बॉक्समधून गिटारचा थेट सिग्नलही वेगळा घेतला. डेट्रॉइट आणि लंडन दोन्ही साधले, असे मनाशी म्हणालो.

८/
मामा तासभर वाजवून दमले. ते गेल्यावर मी ऐकायला बसलो आणि खजील झालो. जाड तारेवरील दुसऱ्या पडद्याचा स्वर आला, की खोली घुमे. शेजारचे स्वर जणू वाजवलेच नव्हते. माइक आणि थेट सिग्नल एकत्र केले, की बोटांची स्पष्टता नाहीशी होई. कॅसेटवर मामा हरवले ते यंत्राच्या तोकडेपणामुळे. या वेळी ते माझ्या अज्ञानामुळे हरवले होते.

कारणे नंतर उमगली. प्रत्येक खोलीचे स्वतःचे काही स्वर असतात. १२ फूट लांबीच्या खोलीचा पहिला स्वर साधारण ४७ हर्ट्झ, म्हणजे जवळपास तोच दुसऱ्या पडद्याचा स्वर. आणि कोपऱ्यात ठेवलेला बॉक्स अशा स्वरांना सर्वाधिक चेतवतो. दुसरे कारण अंतराचे. वायरमधून सिग्नल तत्काळ येतो, आवाजाला मात्र दीड फूट हवा ओलांडायला सुमारे १.३ मिलिसेकंद लागतात. एवढ्या उशिराने ३८० हर्ट्झच्या आसपास दोन्ही लहरी एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात आणि परस्परांना खोडतात. बोटांचा ठसा तिथेच कुठेतरी असतो.

९/
'सार्जंट पेपर'च्या वेळी, १९६७च्या सुमारास, एमरिक यांनी नेमका उलटा मार्ग धरला होता. बेस शेवटी, स्वतंत्र ट्रॅकवर घ्यायचा. बॉक्स रिकाम्या स्टुडिओच्या मधोमध आणायचा आणि एकेजी सी१२ हा कंडेन्सर माइक काही फुटांवर ठेवायचा; तोही समोरून आणि मागून ऐकणारा, बाजूंना बहिरा, अशा रचनेत. त्यामुळे बेसभोवती त्या प्रशस्त दालनाची हवा आली.

एकाच माणसाने वर्षभरात आधी जवळचा आणि मग लांबचा मार्ग निवडला, कारण दूर जायला त्याच्याजवळ जागा होती. माझ्याजवळ नव्हती. लंडनचे अंतर उचलून मी ते पुण्यातील एका बेडरूममध्ये आणून ठेवले होते.

१०/
तीन आठवड्यांनी मामांना पुन्हा विनवले. या वेळी बॉक्स भिंतीपासून दूर ओढला आणि जमिनीशी त्याची सलगी तुटावी म्हणून लाकडी स्टुलावर चढवला. कंडेन्सर बाजूला ठेवून ड्रमवाल्या मित्राचा एकेजी डी११२ आणला. हा मोठ्या पडद्याचा डायनॅमिक माइक पायाने वाजवायच्या ड्रमसाठी वापरतात. जवळचा मारा तो निमूट सोसतो. तो स्पीकरच्या जाळीपासून चार बोटांवर ठेवला. इतक्या जवळून खोली कमी ऐकू येते आणि एका दिशेने ऐकणारा माइक जवळ गेला की खर्ज आपोआप भरतो.

मग कान आणि हात यांचे काम. पडद्याच्या मध्यासमोर आवाज उजळ आणि खरखरीत, कडेसमोर मऊ आणि अंधारा. मामा एकच ओळ वाजवत राहिले आणि मी माइक बोट-बोट सरकवत राहिलो. मध्य आणि कड यांच्या साधारण अर्ध्यावर ते म्हणाले, "थांब. हा माझा आवाज."

११/
थेट सिग्नल तेवढाच उशिरा सरकवून माइकशी जुळवला. नंतर एकाची पोलॅरिटी उलटून पाहिली. उलटल्यावर खर्ज पार नाहीसा झाला, म्हणजे सरळ ठेवणेच योग्य होते. दोन गाणी पूर्ण झाली. तिसऱ्याच्या अंतऱ्यात हात थरथरला, तेव्हा मामांनी स्वतःच गिटार खाली ठेवली.

त्या दोन गाण्यांवर नंतर एका मैत्रिणीने आवाज दिला. तयार ध्वनिमुद्रण मी मामांना हेडफोनवर ऐकवले. इतक्या वर्षांनी ते स्वतःला नोंदीत ऐकत होते. डोळे मिटून त्यांनी दोन्ही गाणी ऐकली आणि हेडफोन काढून म्हणाले, "छान झालंय रे. पण बेस जरा कमी कर. पोरीचं गाणं झाकलं जातंय."

१२/
मी बेस कमी केलेला नाही.

मित्रहो, तुमच्या घरीही अशी एखादी कॅसेट असेल. तीत ऐकू न येणारे कोण कोण त्या मंचावर होते, हे सांगणारी माणसे अजून आहेत, तोवर त्यांना विचारा. नावे कागदावर लिहा आणि ती घडी कॅसेटच्या डबीत ठेवून द्या. आमच्या डबीत मी तसा एक कागद ठेवला आहे. त्यावर सात नावे आहेत, आणि सहा मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली आहेत. सातवे नाव मी नंतर लिहिले, कारण यादीत स्वतःला घालायचे ते विसरले होते.

(धागा समाप्त)