चौकातील सात सेकंद

आमच्या नगर शहरास, ज्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर असे झाले आहे, चहूकडून मोठे रस्ते येऊन मिळतात. पुणे, मनमाड, सोलापूर, कल्याण, छत्रपती संभाजीनगर, कोणत्याही दिशेस जावयाचे असो, आमचा एखादा चौक ओलांडावाच लागतो. ऊसतोडणीचा हंगाम लागला, की या रस्त्यांवर ट्रॅक्टरांची रीघ सुरू होते व प्रत्येकामागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या असतात. त्याच वेळी, त्याच रस्त्याने, दप्तर पाठीस लावून आमची मुले सायकलीवरून शाळेत येतात.

गेल्या हंगामात आमच्या आठवीतील एक मुलगी अशा ट्रॉलीच्या मागच्या चाकाशी सापडली. सायकलीचा चुराडा झाला. मुलगी हात मोडण्यावर निभावली. ती सरळ जात होती, हिरव्या दिव्यावर जात होती, व नियमाप्रमाणे डावीकडून जात होती. तेव्हा "मुलांनी जपून जावे" एवढा उपदेश करून शिक्षकांनी मोकळे व्हावे, हे मला पटेना. मी गणित शिकवितो. म्हणून हा प्रश्न मी फळ्यावर मांडला.

लहान मूल ताशी सुमारे १२ किलोमीटर वेगाने सायकल चालविते, म्हणजे सेकंदास साडेतीन मीटरांहूनही थोडे कमी. चौक २४ मीटर रुंद असल्यास तो ओलांडण्यास सात सेकंदांहून किंचित अधिक वेळ लागेल. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार तेच अंतर सव्वादोन सेकंदांत काटते. आता हिरवा दिवा मालवण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी दोघेही चौकात शिरले असे धरा. पिवळा दिवा तीन सेकंद राहिला, तर तेवढ्यात मोटार पार झालेली असते. मूल मात्र दहा मीटरच गेलेले असते. तांबडा दिवा लागला तरी त्याचे १४ मीटर शिल्लक, आणि बाजूच्या रस्त्यास लवकरच हिरवा! वर्गातील एका मुलीने विचारले, "सर, हा दिवा कोणाच्या वेगाने मोजलेला असतो?" या प्रश्नास मी पूर्ण गुण दिले. सर्व बाजूंचे दिवे आणखी चार सेकंदांहून थोडा अधिक वेळ तांबडे ठेवले, तर ते मूल सुखरूप पलीकडे पोहोचते.

दिव्यापेक्षा वळणाची गोष्ट अधिक बिकट आहे. लांब वाहन वळते तेव्हा त्याचे मागचे चाक पुढच्याच्या वाटेने जात नाही. ते आतल्या बाजूस ओढले जाते. डावीकडे वळताना ती आतली बाजू म्हणजे नेमकी सायकलस्वाराची जागा. दोन ट्रॉल्या असल्या म्हणजे दुसरी पहिलीहूनही आत येते, आणि चालकास ती दिसतही नाही. यास उपाय नाही असे नव्हे. हॉलंडमध्ये चौकाच्या कोपऱ्यावर एक लांबट ओटा बांधतात. त्यामुळे वाहनास रुंद फेरा घेऊन सावकाश वळावे लागते, आणि सायकलस्वार ओट्याआड, वाहनांच्या थांबण्याच्या रेषेच्या पुढे, चालकाच्या नजरेसमोर उभा राहतो. तिकडे वाहने उजवीकडून चालतात. म्हणून आपण ती आकृती आरशात पाहावी तशी उलटून घ्यावी. आमच्या ऊसगाड्यांसाठी ओट्याची बाहेरची कड उतरती ठेवावी, म्हणजे मागचे चाक तीवर चढले तरी अडणार नाही. सायकलींचा दिवा काही सेकंद आधी हिरवा करणे तर याहून स्वस्त.

हॉलंडातही हे आपोआप झालेले नाही. १९७१ साली तेथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली व त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले. "मुलांच्या हत्या थांबवा" असे नाव घेऊन चळवळ उभी राहिली, तेव्हा कोठे सरकार हलले.

आपल्याकडे ज्ञानाची वाण आहे असेही म्हणवत नाही. देशातील रस्त्यांचा विचार करण्यासाठी १९२७ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर हे मराठीच गृहस्थ. पुढे १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. सायकलमार्ग कसे बांधावेत याचे नियम तिने १९६२ सालीच छापले व २०१५ साली सुधारले. पुणे तर एके काळी सायकलींचेच शहर म्हणून ओळखले जाई. तेथील महापालिकेने २०१७ साली सायकलींचा मोठा आराखडा मंजूर केला. पण तेथे काही रस्त्यांवरून मी स्वतः हिंडलो आहे. सायकलीची पट्टी चौकाच्या अलीकडे संपते व पलीकडे पुन्हा सुरू होते. जेथे तिची खरी गरज, तेथेच ती गुप्त! राज्यातील काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, हे उत्तमच. त्या सायकलीस चौक ओलांडावा लागतो, हे मात्र कोणाच्या हिशेबात दिसत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत नववीच्या मुलांनी आपापल्या घराजवळचा चौक पालकांसमवेत, पदपथावर उभे राहून, पावलांनी व घड्याळाने मोजला. त्यांच्या एकवीस आकृत्या शाळेच्या वाचनालयात लावल्या आहेत. महापालिकेस द्यावयाचा अर्जही तेथेच टेबलावर आहे. वार्षिक समारंभास येणाऱ्या पालकांनी तो वाचावा, व पटल्यास खाली सही करावी.