अण्णांचा कान आणि ‘मिस्ट’चं बेट

भारनियमनाच्या त्या वर्षांत ओतूरला आमचं घर लाइटीच्या वेळापत्रकावर चालायचं. रात्री लाइट आली की मोटर चालू करून कांद्याला पाणी द्यायचं आणि मधल्या वेळात मी ‘मिस्ट’ लावायचो. मुंबईच्या आत्याने जुना संगणक दिला होता, त्याच्यासोबत ती सीडी आली होती.

‘मिस्ट’ हा १९९३ सालचा, रँड आणि रॉबिन मिलर या अमेरिकी भावांचा कोड्यांचा खेळ. निर्जन बेटावर आपण एकटेच असतो. मागे लागणारा शत्रू नाही, वेळेची मर्यादा नाही आणि काय करायचं हे सांगणारंही कुणी नाही. ग्रंथालयातली अर्धवट जळालेली पुस्तकं चाळायची, चाकं फिरवायची, कशाचा कशाशी संबंध आहे ते आपणच ताडायचं. २००२ मध्ये ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत संगणकावर सर्वाधिक खपलेला खेळ हाच होता.

लाइट गेली की बाकीचे खेळ तिथेच संपायचे. हे कोडं मात्र माझ्याबरोबर रानात यायचं. दारं धरताना डोक्यात तीच चिन्हं फिरत राहायची आणि कधी कधी उत्तर वाफ्यातच सापडायचं.

सगळ्यात जास्त अडलो तो बेटावरच्या रॉकेटपाशी. आत पेटीसारखं एक वाद्य आणि दुसऱ्या टोकाला पाच सरकपट्ट्या. कोणते पाच सूर वाजवायचे ते एका पुस्तकात काढून दाखवलेलं असतं. ते ऐकायचे आणि सरकपट्ट्या नेमक्या त्याच सुरांवर आणून ठेवायच्या. सगळा मामला कानाचा. खेळाचं संगीत रॉबिननेच केलंय, हे मला पुढे कळलं.

माझे चुलते अण्णा भजनात पेटी वाजवायचे. त्यांना हाक मारली. खुर्ची ओढून ते डोळे मिटून बसले.

“परत वाजव. हां, आता तुझी पट्टी सरकव. चढव... अजून. जास्त झालं, उतरव जरा. लागला बघ!”

पाचही सूर असेच लावले, दांडा ओढला आणि समोर पुस्तक उमटलं. संगणकाला कधी हात न लावलेल्या अण्णांनी ते कोडं सोडवलं होतं. हाताच्या चपळाईला इथे भाव नव्हता. माणसाने आयुष्यभर जे कमावलं, ते इथे कामी आलं.

म्हणूनच असे खेळ टिकले, असं मला वाटतं. जोनाथन ब्लो यांच्या २०१६ मधल्या ‘द विटनेस’वर ‘मिस्ट’ची छाप उघड दिसते. खुद्द ‘मिस्ट’ २०२१ मध्ये नव्या रूपात आला, तो सध्या माझी भाची खेळतेय. त्यात कोड्यांची उत्तरं बदलून घेण्याची सोय आहे. तिने तीच निवडली, त्यामुळे माझी उत्तरांची जुनी वही तिच्या उपयोगाची नाही.

मूळ खेळाच्या खोक्यात टिपणांसाठी एक कोरी वही असायची. तुमच्या घरातल्या मुलांना असा खेळ द्याल तेव्हा सोबत वही-पेन्सिलही द्या, आणि अडलं म्हणून लगेच यूट्यूब उघडू देऊ नका.