गांबियाएवढं बीड

आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यांत लहान देश म्हणजे पश्चिमेकडचा गांबिया. क्षेत्रफळ साधारण 11 हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या 2024 च्या जनगणनेत 24 लाखांच्या वर. आपला बीड जिल्हा 10,693 चौरस किलोमीटरचा आणि 2011 च्या गणनेनुसार पंचवीस लाख पंच्याऐंशी हजार माणसांचा. गांबियाला राष्ट्राध्यक्ष आहे, 58 जणांची संसद आहे. रोहिंग्यांच्या छळाबद्दल म्यानमारला 2019 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभं केलं ते याच चिमुकल्या देशानं. बीडच्या वाट्याला अकरा तालुके, सहा आमदार आणि एक खासदार. एका देशाएवढ्या या मुलखाचा कारभार कसा चालतो आणि पोट कशावर भरतं, हे मनात घेऊन मी अहिल्यानगरहून बीडच्या गाडीत बसलो.

ही गाडीसुद्धा इथल्या कारभाराची साक्ष आहे. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 मध्ये मंजूर झाला. आष्टीला रेल्वे पोचली 2022 मध्ये, बीडला 17 सप्टेंबर 2025 रोजी. मी गेलो तेव्हा परळीपर्यंतचं काम बाकीच होतं. कडा, आष्टी मागे पडलं की बालाघाटाचे उघडे माथे सुरू होतात. मुरमाड जमीन, बाजरीची वाळलेली धाटं आणि उतारांवर सीताफळाची झुडपं. बीडच्या या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. काळी कसदार जमीन लागते ती उत्तरेला, गोदाकाठी, गेवराई-माजलगावच्या बाजूला.

गांबिया देशाची नदी उगम पावते गिनी देशाच्या डोंगरात आणि वाहत येऊन या देशाला पोसते. बीडचं नेमकं उलटं आहे. मांजरा पाटोदा तालुक्यात उगम पावते, केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे आणि लातूर शहर त्या पाण्याकडे डोळे लावून असतं. परळीच्या औष्णिक केंद्रातून महाराष्ट्राला वीज गेली. 2015 च्या दुष्काळात तेच केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं.

बीडला उतरल्यावर मी आधी खजाना विहीर गाठली. शहराबाहेर, सोलापूरच्या रस्त्याच्या बाजूला. ही विहीर 1582 ची. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं ती बांधवली आणि राजा भास्कर या स्थपतीनं ती उभी केली. पायऱ्या उतरून गेलं की गोल घेराला धरून आतून फिरणारी दगडी ओवरी लागते. तिथं उभं राहिलं की भिंतीतली भुयारांची तोंडं दिसतात: दोन पाणी आणणारी, एक पाणी शेताकडे नेणारं. ना मोट, ना पंप. जमिनीचा उतार ओळखून पाणी आपोआप रानात जाईल अशी रचना. हात लावून पाहिला तर चिरे गार आणि सांधे अजून घट्ट. 1972 च्या दुष्काळातही ही विहीर आटली नाही, असं इथले लोक सांगतात. कमी पावसाच्या मुलखात पाणी कसं धरावं, याचं उत्तर बीडच्या मातीत साडेचारशे वर्षांपासून आहे. मला या जिल्ह्यातलं सगळ्यांत मोठं वैभव हेच वाटतं.

राज्यकर्ते मात्र सदैव बाहेरचे. देवगिरीचे यादव, दिल्लीचा महंमद तुघलक (त्याच्या पडलेल्या दाताची कबर बीडजवळच आहे), बहमनी, निजामशाही, मोगल आणि शेवटी हैदराबादचा निजाम. 10 ऑगस्ट 1763 रोजी गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला राघोबादादा आणि थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. लढाई बीडच्या मातीवर झाली, सत्ता तरी हैदराबादचीच राहिली, ती 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. निजामाविरुद्धच्या मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या शाळेत मुख्याध्यापक होते. संतकवी मुकुंदराज आणि दासोपंतांच्या त्या गावाला एक अख्खा दिवस द्यायला हवा.

मी मात्र धारूरच्या रस्त्याला लागलो आणि तिथं थांबलो. दसरा-दिवाळी उलटली की या रस्त्यावर ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांचे ट्रक भरायला लागतात. एका ट्रकमध्ये पत्र्याची पेटी, बाज, ज्वारीचं पोतं, दोन शेळ्या, दोरीनं बांधलेल्या कोंबड्या आणि वर बायामाणसं. एका बाईला विचारलं, "काकू, घरी कोण राहतंय?" त्या म्हणाल्या, "म्हातारी हाय. थोरली दोन लेकरं तिच्यापाशी ठिवली, धाकटी संगं. साळा बुडतीय, पर उचल फिटली पायजे." नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम म्हणजे उचल, उसाच्या फडाशेजारी कोपी म्हणजे झोपडी, आजारी पडलं तर खाडा आणि त्याचे पैसे कापलेले. पहाटेपासून तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. 2019 मध्ये सरकारी समितीसमोर आलेल्या पाहणीत बीडच्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, ही त्यामागची उघड गोष्ट आहे.

गांबियाची अर्थव्यवस्था भुईमुगावर उभी राहिली आणि तिथंही हंगामी मजूर लागत. माली, गिनी, सेनेगलमधून ते येत. यजमान त्यांना राहायला जागा, जेवण आणि हंगामापुरती कसायला जमीन देई. आठवड्यातले काही दिवस मजूर यजमानाच्या रानात राबे, उरलेले दिवस स्वतःच्या. त्यातही पिळवणूक नसेल असं मी म्हणत नाही. पण परक्या मुलखातल्या मजुराला तिथं हंगामापुरता का होईना जमिनीचा तुकडा मिळे. आपल्या राज्यातल्या आपल्याच माणसाला साखरपट्ट्यात मिळतं ते कर्ज, आणि ते फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा तोच ट्रक.

रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रानंच देशाला दिली. मग तळ्यांचा गाळ, बांधबंदिस्ती, जुन्या विहिरींची डागडुजी ही कामं बीडमध्ये दसऱ्याच्या आधी निघाली पाहिजेत, उचल घेण्याच्या आधी. गाव सोडणाऱ्या प्रत्येक कोयत्याची नोंद ग्रामपंचायतीत झाली पाहिजे, मागे राहणाऱ्या लेकरांना तालुक्यात वसतिगृह मिळालं पाहिजे, आणि फडावरच्या बाईला पाळीच्या दिवसांची सुट्टी खाडा न लावता मिळाली पाहिजे. ही मागणी बीडच्या सहा आमदारांकडे आहे, तितकीच त्या ऊसतोडीवर चालणाऱ्या कारखान्यांच्या संचालकांकडेही आहे.